कडूबाचं हिरवं पान

कडूबाच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसरं झालं तेव्हा आजीनं त्याचं नावच कडू ठेवलं. कडू वस्तू यमसुद्धा तोंडात घालत नाही, असा त्या म्हातारीचा हिशेब. हिशेब बराबर निघाला. कडूबा जगला, वाढला, लग्न झालं, साठी ओलांडली, आणि नावाला पार खोटं पाडून गुळासारखा गोड माणूस निघाला. पिंपळगाव रेणुकाईत त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. वाकडं नसलेला माणूस गावात सापडणं म्हणजे काय, ते गावात राहिलेल्यालाच कळायचं.

धंदा पालेभाजीचा. विहिरीच्या कडेच्या तुकड्यात मेथी, शेपू, चुका, पालक, पावसाळ्यात अंबाडी. उजाडायच्या आत जुड्या बांधायच्या, सकाळच्या जीपवर टाकायच्या आणि राजूरला गणपतीच्या वाटेवर पोतं अंथरून बसायचं. चतुर्थीला तर तिथं पाय ठेवायला जागा नसते. शेजारी सिराजोद्दीन मोसंबी घेऊन बसायचा. इतकी वर्षं दोघं एकमेकांना लागून बसले होते की गिऱ्हाईक याला हाक मारायचं आणि ओ तो द्यायचा.

कडूबाची जीभ ऐकण्यासारखी. "घ्या मावशी, अंबाडी घ्या. ज्वारीच्या कण्या टाकून शिजवा, वरून लसणाची कडकडीत फोडणी वता. दोन भाकरी जास्तीच्या थापा, न्हाई तर मागून म्हणाल, कडूबानं सांगितलं न्हाई." बाईच्या तोंडाला पाणी सुटायचं, ती एकाच्या जागी दोन जुड्या न्यायची. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज टोपलंभर भाजी फस्त करत असेल.

आणि खरी गोष्ट ही, की कडूबा पालेभाजी खात नव्हता. एक पान नाही. वरणावरची कोथिंबीर बोटानं बाजूला काढायचा. तीर्थात तुळशीचं पान आलं तर पाणी प्यायचा आणि पान डोळ्याला लावून झाडाच्या मुळाशी ठेवायचा. लग्नाच्या पंगतीत लोक चेष्टा करायचे, "हलवाई सोताची मिठाई खात न्हाई म्हणतात, ते खोटं न्हाई." कडूबा हसायचा. "वास येतो बा मला," म्हणायचा.

वास कसला डोंबलाचा! लहानपणी हाच कडूबा अंबाडीच्या भाजीसाठी जीव टाकायचा. सकाळी भाजी, रात्री भाजी, आणि मधे शिळी उरली तर तीही. त्याची बायको नंदाबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की पोरी, बाकी काही येऊ न येऊ, अंबाडी रांधता आली म्हणजे तुझा संसार झाला.

मग झालं काय, तर साधना आजारी पडली.

त्यांना एकच लेक, साधना. सहा वर्षांची असताना तिला ताप भरला. ताप म्हणजे कसला, पोरीच्या अंगावर भाकरी भाजून निघावी असा. जालन्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं तिला झटके यायला लागले. मोठ्या डॉक्टरनं हात झाडले नाहीत, पण "वाट पाहू" म्हणाला, आणि डॉक्टर वाट पाहू म्हणतो तेव्हा आईबापाच्या पायाखाली जमीन राहत नाही. नंदाबाई पोरीच्या उशाला बसली आणि कडूबा मिळेल त्या गाडीनं गावाला आला, तो थेट रेणुकाईच्या पायरीवर. ओटीला खण नव्हता, नारळ नव्हतं, अंगावरचा शर्टसुद्धा उलटा घातलेला. "आई," म्हणाला, "तुला द्यायला माह्याकडं काही न्हाई. मला जे सगळ्यात आवडतं ते देतो. आजपासून हिरवं पान तोंडात घालणार न्हाई. माही लेक दे."

साधना उठली. आठवडाभरात दूधभात खायला लागली. आता ती औषधानं उठली की नवसानं, हा वाद ज्यांच्या पोरी आजारी पडल्या नाहीत त्यांनी खुशाल घालावा. कडूबाच्या मनात वाद नव्हता. एका बाजूला पोर होती आणि दुसऱ्या बाजूला हिरवं पान, आणि सौदा पटला होता. गुरवाच्या म्हातारीनं तेवढी एक अट सांगून ठेवली. नवस जिच्यासाठी धरला तिच्या कानावर कधी जाऊ द्यायचा नाही. कानावर गेला की नवस उतरला, आणि मिळालेलं परत जातं.

म्हणून साधनाला कधी कळलं नाही. लहानपणी ती विचारायची, "आबा, तुम्ही भाजी विकता अन् खात न्हाई. म्हंजे खराब असती का?" कडूबा म्हणायचा, "माय, समदी मीच खाल्ली तर विकू काय?" ठाऊक होतं ते नंदाबाईला, आणि पुढं बोलण्याबोलण्यात सिराजोद्दीनला. सिराजोद्दीन म्हणाला, "मन्नत हाये, तो बराबर हाये. पण कडूबाभाऊ, तंबाखू खातो ते पान न्हाई का?" कडूबा म्हणाला, "ते वाळलेलं हाये. आईला मी हिरवं म्हणालो." "मंग भाजी वाळवून खा की!" तेव्हा मात्र कडूबा गंभीर झाला. "सिराजभाई, तंबाखू मी आधीपासून खातो. ती काय मी देवीपुढं ठेवली नव्हती. भाजी ठेवली. आता तिथं वकिली करायची न्हाई."

साधना शिकली, अंबडला दिली, तिथं अंगणवाडीत लागली. दिवसभर गरोदर बायांना सांगायची, पालेभाजी खा, शेवग्याचा पाला खा, गाजर खा. बोलायला बापावर गेलेली. माहेरी आली की बापाच्या ताटाकडं बघायची आणि कपाळाला हात लावायची.

डोळ्यांच्या तक्रारीची सुरुवात झाली ती लाइटीच्या खांबापासून. एका सकाळी कडूबा नंदाबाईला म्हणाला, "आगं, तो खांब पार वाकला. पडंल कुणाच्या तरी अंगावर." वायरमनला गाठून सांगितलंसुद्धा. वायरमन खांब बघून आला आणि म्हणाला, "कडूबादादा, खांब सरळ हाये. सकाळी सकाळी कुठं बसून आल्ता?" गावभर हशा झाला. पण दुसऱ्या दिवशी कडूबाला रेणुकाईच्या देवळाचा कळस वाकडा दिसला. तेव्हा तो कुणाला काही बोलला नाही. कळस वाकडा झाला असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

जुड्यांत गवत यायला लागलं, गिऱ्हाइकाला मेथीच्या जागी शेपू जायला लागला, तेव्हा साधना आली आणि हाताला धरून त्याला जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी चौकटी चौकटींचा एक कागद समोर धरला. "रेघा कशा दिसतात?"

"कडेला बराबर हायेत. मधी वाकड्या छापल्या तुम्ही."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आजोबा, डोळ्याच्या आत मागं एक पडदा असतो. त्याच्या बरोबर मधे एक ठिपका असतो. आपण ज्याच्याकडे बघतो ते त्या ठिपक्यावर उमटतं. तुमचा तो ठिपका झिजत चाललाय. उद्या कडेचं दिसत राहील, पण मधलं जाईल."

"मधलं म्हंजे?"

"ज्याच्याकडे बघाल, तेच दिसणार नाही."

कडूबानं साधनाकडं पाहिलं. दिसली. जरा धुकट, पण दिसली.

"कशानं झालं हो?" साधनानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, तंबाखूनं होतं, काही घराण्यातून येतं, आणि काही खाण्यावरही असतं. मग त्यांना कडूबाचा धंदा समजला असावा, कारण त्यांनी विचारलं, "वांगं चिरून ठेवलं तर काय होतं?"

"काळं पडतं."

"आणि त्यावर लिंबू पिळलं तर?"

"बराच वेळ पांढरं राहतं."

"हवेनं वांगं काळं पडतं, तसंच काहीसं आपल्या अंगात आतून चालू असतं. डोळ्यावर तर दिवसभर ऊन पडतं, तिथं जास्तच. त्यावर लिंबासारखं काम करणारे पदार्थ खाण्यात असतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. मोसंबीत असतात, गाजरात असतात, पण तुमच्या त्या ठिपक्याला जे लागतात ते सगळ्यात जास्त हिरव्या पालेभाजीत. थोडे मक्यात, अंड्याच्या पिवळ्यात. गेलेली नजर यानं परत येणार नाही, हे आधीच सांगतो. पण जी आहे ती जास्त दिवस टिकायची शक्यता असते. तंबाखू आजपासून बंद. रोज पालेभाजी. आणि ही एक गोळी."

"म्हंजे माह्या डोळ्याचं वांगं झालं म्हणा की," कडूबा म्हणाला. साधना हसता हसता रडली. "डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "हे भाजी विकतात. घरात ढीग असतो. कमी पडायची न्हाई." कडूबा खाली बघत राहिला.

तंबाखूची डबी त्यानं दवाखान्याच्या दारातच फेकली. चाळीस वर्षांची सवय, मागं वळून पाहिलं नाही. एवढं लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण पुढं सगळे त्याला हट्टी म्हणाले.

औषधाच्या दुकानात गोळ्यांचा डबा हातात पडला. डबा त्यानं डोळ्याच्या कडेला धरून पाहिला. त्यावर हे एवढं मोठं हिरवंगार पान. "हे कशाचं असतं?" त्यानं विचारलं. दुकानदाराच्या पुढं गर्दी होती. डब्याकडं नजर टाकून तो म्हणाला, "पालेभाजीचं सत्त्व हाये काका. चित्र न्हाई का दिसत?"

चित्र दिसलं, तेच तर वाईट झालं.

घरी येऊन त्यानं डबा देव्हाऱ्यात देवीच्या टाकामागं ठेवला. मग तो बाकी सगळं खायला लागला. मक्याची कणसं भाजून खाल्ली, उकडून खाल्ली, शेजारी म्हणाले कडूबाचा बैल झाला. गाजरं खाल्ली. भोपळा खाल्ला. अंडं घरात चालत नव्हतं, नाही तर तेही गिळलं असतं. सिराजोद्दीन रोज मोसंबी सोलून पुढं धरायचा. "खा. ते काय म्हणाला डॉक्टर, अँटीऑक्सिजन."

"करोनात लोक ऑक्सिजनवाचून मेले, अन् मला हा अँटीऑक्सिजन खा म्हणून राह्यला," कडूबा म्हणायचा, आणि फोड तोंडात टाकायचा. हिरवं सोडून त्यानं सगळ्या रंगांचं खाल्लं.

साधना दर महिन्याला जीपवाल्याच्या हाती नवा डबा पाठवायची. फोनवर विचारायची, "गोळी घेता ना?" कडूबा म्हणायचा, "सांगितलं ते बराबर चालू हाये." टाकामागं डब्यांची भिंत झाली.

आखितीच्या सणाला ती माहेरी आली, देव्हारा पुसायला घेतला आणि ती भिंत तिच्या हाताला लागली. एकाही डब्याचं सील तुटलेलं नव्हतं.

"आबा, हे काय?"

कडूबा ओसरीवर बसला होता.

"मी अंबडला घसा फोडून लोकाच्या बायांना सांगते, हिरवी भाजी खा, हिरवी भाजी खा, अन् माहा बाप भाजीच्या ढिगावर बसून आंधळा होऊन राह्यला! काय तोंड दाखवू मी? साधी गोळी न्हाई घेववत तुम्हाला? पोरीनं पाठवली म्हणून तरी?"

नंदाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती आता बोलेल असं कडूबाला वाटलं आणि त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की ती तशीच चुलीकडं निघून गेली.

"तुमचा हट्ट तुम्हाला लेकीपरीस मोठा हाये," साधना म्हणाली. "होऊ द्या मंग आंधळं. मी काही बघायला येणार न्हाई."

बोल माय, बोल, असं कडूबा मनात म्हणत होता. आवाज कसा खणखणीत हाये तुझा. छातीत दम हाये, अंगात ताकद हाये. अजून बोल. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण ती भांडत होती, म्हणजे जिवंत होती, आणि इतक्या वर्षांत त्याला एवढंच पुरत आलेलं होतं.

ती गेली. पावसाळा आला, अंबाडी कमरेएवढी झाली. आधी डावा डोळा गेला, मग उजव्यातही मधे राखाडी ठिपका बसला. तो ठिपका पुसला जात नव्हता. कडूबा ज्याच्याकडं वळायचा, त्याच्यावर तो जाऊन बसायचा. माणसाकडं बघितलं की माणसाला तोंड नाही. भाकरीकडं बघितलं की भाकर नाही, नुसती परातीची कड. भाज्या तो वासानं आणि बोटांनी ओळखायचा, त्याला काही अडलं नाही. पण माणसाचं तोंड वासानं कसं ओळखणार?

हळूहळू त्याला एक युक्ती सापडली. गिऱ्हाईक समोर असलं की तो सिराजोद्दीनच्या मोसंबीच्या ढिगाकडं बघायचा. मग डोळ्याच्या कडेनं गिऱ्हाइकाचं तोंड दिसायचं. फार स्वच्छ नाही, पण कोण आहे ते कळायचं. लोकांना हे कुठं माहीत! लोक म्हणायला लागले, कडूबाला म्हातारपणी मस्ती आली, बोलतो आपल्याशी अन् तोंड दुसरीकडं. एक बाई तर जुडी टाकून गेली. "भाजी इकायला बसला अन् तोंड फिरवून राह्यला," म्हणाली.

नवरात्रात नंदाबाईनं लेकीला सांगावा धाडला, एकदा येऊन जा. साधना आली. नंदाबाई ओटी घेऊन देवळात गेली होती. कडूबा एकटाच ओसरीवर होता. सकाळीच त्यानं चाचपत चाचपत झेंडूची माळ ओवून देव्हाऱ्यावर बांधली होती, तिचा वास घरभर पसरला होता.

"आबा."

म्हाताऱ्यानं आवाजाच्या दिशेला मान वर केली. तिथं राखाडी ठिपका. ठिपक्याच्या खाली लुगड्याचा काठ, बाजूला बांगड्यांचा हात, आणि जिथं लेकीचं तोंड पाहिजे तिथं काही नाही. आखितीपासून त्यानं तिला पाहिलं नव्हतं. त्याला धीर निघाला नाही. तो झटकन भिंतीकडं वळला.

आणि भिंतीकडं वळला तशी ती कडेनं दिसायला लागली. कपाळ, कुंकू, कानातलं. पोर वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. कडूबा भिंतीकडं टक लावून लेकीला पाहत राहिला. तोंडानं एवढंच म्हणाला, "बस."

आता साधनाला काय दिसलं, तेही बघा. पाच महिन्यांनी लेक दारात आली, आणि बापानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"अजून राग गेला न्हाई व्हय?" ती म्हणाली. आवाज फाटला. "तोंडसुद्धा बघायचं न्हाई माहं? बरं. बरं आबा. न्हाई दाखवत."

कडूबाच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत पावलं अंगणाबाहेर गेली. "साधे! आगं साधे!" म्हणत तो उठला, बाजेला अडखळला आणि गुडघ्यावर आपटला. जीपचा आवाज आला आणि विरला. नंदाबाई देवळातून आली तेव्हा तो तसाच जमिनीवर बसून होता. "मी तिला पाहून राह्यलो होतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पाहून राह्यलो होतो गं मी."

दुपार कलली तशी परत जीप थांबली. पावलं ओळखीची होती. या वेळेला कडूबानं मान हलवली नाही, डोळे मिटून घेतले, न जाणो पुन्हा काही चुकायचं.

साधना समोर येऊन बसली. राजूरला गाडी बदलायला उतरली, तेव्हा सिराजोद्दीननं तिला रडताना पाहिलं होतं.

"सिराजचाचा म्हणाले," तिनं सुरुवात केली आणि मधेच थांबली. "म्हणाले, बेटा, तुझा बाप ज्याच्यापासून तोंड फिरवतो, त्यालाच बघत असतो. दिवसभर माझी मोसंबी बघत बसतो, पण मोसंबी एक दिसत न्हाई त्याला." आणि मग हळू म्हणाली, "हिरव्या पानाचं बी सांगितलं."

काही बोलायच्या आधी कडूबाचा हात पुढं आला, हवेत चाचपला, लेकीच्या कपाळावर टेकला. तळहात, मग उलटा हात, मग गळ्यापाशी. सहा वर्षांच्या पोरीचा ताप बघतात तसा.

"ताप न्हाई ना? डोकं न्हाई ना दुखत?"

तेव्हा साधना जी कोसळली, ती बापाच्या मांडीवरच. नंदाबाई दाराला धरून उभी होती, तीही रडली. सत्तावीस वर्षं दाबून धरलेलं रडणं होतं, त्याला काही धरबंध राहिला नाही.

"त्या सिराजच्या जिभेला हाड न्हाई," कडूबा म्हणाला.

"ते म्हणाले, तुमच्या देवीचा कायदा मला लागू न्हाई. अन् लागू असला तर पाप माह्या डोक्यावर." साधनानं डोळे पुसले. "आबा, मी धडधाकट हाये. आता पुरे. मी रेणुकाईला जाते, पदर पसरते, म्हणते माह्या बापाला मोकळं कर. संध्याकाळी अंबाडी रांधते. माह्या हातानं भरवते."

अंबाडीचं नाव निघाल्यावर कडूबाच्या घशाची घाटी वरखाली झाली, ती नंदाबाईनं पाहिली.

"न्हाई माय," तो म्हणाला. "आईनं तिचा शब्द पाळला. तू समोर बसलीस, आणखी काय पुरावा पाहिजे? मी माहा कसा मोडू?"

"पण डोळे, आबा!"

"डोळ्याचं काय घेऊन बसलीस? तू गेली असतीस, तर हे डोळे घेऊन मी बघणार काय होतो?"

साधना उठली, देव्हाऱ्यापाशी गेली. टाकामागचे डबे तिनं एकेक करून खाली काढले. रागानं नाही, काही तरी हाताला चाळा पाहिजे म्हणून. त्यातला एक तिनं उलटा केला आणि बारीक अक्षर वाचायला लागली. इतक्या वेळा विकत घेतला, पण मागचं वाचायची तिला तरी कधी गरज पडली होती?

"आबा, ही गोळी तुम्ही का घेतली न्हाई?"

"त्यावर पान हाये. पालेभाजीचं सत्त्व हाये ते."

"पान नुसतं चित्रातलं हाये." तिचा आवाज बदलला. "हिच्यातलं औषध झेंडूच्या फुलापासून काढतात. इथं लिहिलंय. झेंडू, आबा."

कडूबानं मान वळवली. देव्हाऱ्यावर त्यानंच सकाळी बांधलेली माळ होती. त्याला कडेनं ती पिवळी दिसली.

"झेंडू?" तो म्हणाला. "फुलाचं तर मी कधी बोललोच न्हवतो." आणि तो हसला. पंगतीत हसायचा तसा, मोकळा. नंदाबाईला वाटलं, चला, हसला. मग तिनं नीट पाहिलं तर त्याचे खांदे हलत होते आणि हसणं केव्हाच संपलं होतं.

दसऱ्यानंतर जालन्याला गेले. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, पुन्हा तपासले. म्हणाले, मधलं दोन्हीकडचं गेलं. आता गोळीचा म्हणावा तसा उपयोग नाही. साधनानं विचारलं, "आधी घेतली असती तर?" डॉक्टर म्हणाले, "खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही ताई. कदाचित आणखी काही वर्षं मिळाली असती. कदाचित नसतीही." मग कडूबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही कडेनं बघायला शिकलात, ते चांगलं केलंत. आता तेच तुमचं बघणं."

परतताना राजूरला थांबले. सिराजोद्दीन उठून उभा राहिला, कडूबा शिव्या घालणार म्हणून तयारीत. कडूबा त्याच्या मोसंबीच्या ढिगाकडं तोंड करून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "दाढी पांढरी झाली रे तुही." सिराजोद्दीननं एक मोसंबी उचलली आणि सोलायला लागला, पण त्याला साल निघेना.

घरी आल्यावर साधना अंबडला निघायच्या तयारीनं पिशवी भरत होती. भरून झाली, तशी ती ओसरीवर आली. तिनं बापाचा हात धरला, त्याला बाजेवर बसवलं, दोन्ही खांदे धरून हळूच भिंतीकडं वळवलं, आणि आपण त्याच्या कडेला, उजेडात बसली.

"आबा, भिंतीकडं बघा."

कडूबानं भिंतीकडं पाहिलं.

"दिसून राह्यली का?"

"दिसून राह्यलीस," कडूबा म्हणाला. भिंतीवर काही नव्हतं, तरी त्याची नजर तिथून हलली नाही. लेकीला त्यानं डोळे भरून पाहून घेतलं, आणि मग नेहमीसारखं रागावून म्हणाला, "किती वाळलीस गं, माय. भाजी खात जा जरा. हिरवी."

"खाते, आबा," साधना म्हणाली.